नोटेच्या मागच्या बाजूचा देश

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ कायम ठेवून काही पुनरुक्ती गाळली आहे. शेवटी सभागृहातून आलेले दोन प्रश्न घेतले आहेत.)



सुरुवातीलाच एक छोटं काम सांगते. खिशात, पर्समध्ये वीस रुपयांची नवी नोट असेल तर बाहेर काढा आणि हात वर करा. (सभागृहात हालचाल.) बघा, एवढ्या मोठ्या सभागृहात जेमतेम पंधरा-वीस हात. बाकीच्यांचे पैसे फोनमध्ये. हरकत नाही, शेजाऱ्याची बघायला घ्या, फक्त परत द्यायला विसरू नका. (हशा.)

आता ती उलटी करा. गांधीजींची बाजू खाली. मागे काय आहे? बरोबर, वेरूळ. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत 'एलोरा', आपल्या भाषेत वेरूळ. इथून सकाळी निघालात तर दुपारच्या आत पोचाल इतक्या अंतरावरचं. आता दुसरा प्रश्न. त्या चित्रात एखादं माणूस दिसतंय का? नीट बघा. चष्मा लावून बघा. नाही ना?

बरं, दहाची नोट काढा. कोणार्क. माणूस नाही. पन्नासची, हंपीचा दगडी रथ. माणूस नाही. शंभरची, राणी की वाव. दोनशेची, सांची. पाचशेची, लाल किल्ला. कोरलेल्या मूर्ती सोडून द्या, त्या असणारच. पण चालतंबोलतं, काम करणारं, उन्हात उभं असलेलं माणूस एकाही नोटेच्या मागच्या बाजूला नाही. आज माझं सगळं बोलणं या एवढ्याशाच गोष्टीबद्दल आहे. आपल्या नोटेच्या मागून माणूस गेला, आणि ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

आता नाशिकमध्ये येऊन नोटेवर बोलणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठल समजावून सांगण्यासारखं आहे. १९२८ सालापासून नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. या सभागृहात निदान चार-पाच जण तरी असे असतील ज्यांच्या घरात कुणी ना कुणी प्रेसमध्ये नोकरीला होतं. नोट कशी छापतात, शाई कशी चढते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. मी छपाईबद्दल बोलणार नाही. मी चित्राबद्दल बोलणार आहे. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं नोटेचं परीक्षण.

कारण नोट हेही एक प्रकाशनच आहे. देशातलं सगळ्यात जास्त खपाचं. त्याचं संपादकीय मंडळ कोण? रिझर्व्ह बँक कायदा, १९३४, कलम २५. नोटेचा आकार, नक्षी, कागद यांची शिफारस रिझर्व्ह बँकेचं केंद्रीय मंडळ करतं आणि मंजुरी केंद्र सरकार देतं. म्हणजे नोटेवरचं चित्र हे सरकारने स्वतःच्या देशाबद्दल केलेलं विधान असतं. वाचता न येणाऱ्या माणसाच्याही हातात ते रोज जातं. म्हणून ते तपासायला हवं.

आधी थोडा मागोवा घेऊ.

रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मधली, पाच रुपयांची. त्यावर सहावे जॉर्ज. प्रश्नच नव्हता, राज्य कुणाचं ते चेहऱ्यावर लिहिलेलं. मग स्वातंत्र्य आलं आणि राजाचा चेहरा काढून तिथे काय ठेवायचं असा प्रश्न पडला. पहिला विचार गांधीजींचाच होता. तशी चित्रंही तयार झाली होती. पण शेवटी सारनाथचा सिंहस्तंभ ठरला, आणि १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवर तो आला. ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. नव्या प्रजासत्ताकाने माणसाच्या चेहऱ्याऐवजी एक चिन्ह निवडलं. राजा गेला, त्याच्या जागी दुसरी व्यक्ती बसवायला नको, असा काहीतरी संकोच त्यात दिसतो. निदान मी तरी तो तसा वाचते.

१९५४ साली मोठ्या रकमेच्या नोटा आल्या. हजाराच्या नोटेवर तंजावरचं मंदिर, पाच हजाराच्या नोटेवर आपलं गेट वे ऑफ इंडिया. म्हणजे वास्तू नोटेवर येण्याची पद्धत आजची नाही. पण हजार-पाच हजाराची नोट तेव्हा किती जणांनी पाहिली असेल? ती पेढीवाल्यांची नोट. १९७८ साली या मोठ्या नोटा चलनातून रद्दच झाल्या.

मग १९६९. गांधी जन्मशताब्दी. त्या वर्षीच्या नोटेवर बसलेले गांधीजी आहेत आणि त्यांच्या मागे सेवाग्राम. आपल्या वर्ध्याचं सेवाग्राम. मातीच्या भिंती, बांबू, कौलं. जगात इतक्या देशांनी नोटांवर राजवाडे छापले, किल्ले छापले. आपण एक झोपडी छापली होती. वास्तूच दाखवायची तर अशीही दाखवता येते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

त्यानंतरच्या दशकांत नोटांचा सूर बदलला. दोनच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह. एकच्या नोटेवर समुद्रातला तेल शोधणारा 'सागर सम्राट', ज्याने १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधून दिलं. शंभरच्या नोटेवर हिराकूड धरण. पाचच्या नोटेवर ट्रॅक्टर आणि तो चालवणारा शेतकरी. १९८७ साली पाचशेची नोट आली, तिच्या पुढच्या बाजूला गांधीजी. आणि १९९६ पासून सगळ्याच नोटांवर गांधीजी यायला लागले. त्या मालिकेच्या मागच्या बाजू आठवा. पाचला शेतकरी आणि ट्रॅक्टर. दहाला गेंडा, हत्ती, वाघ. वीसला अंदमानची नारळाची झाडं. पन्नासला संसद. शंभरला हिमालय. पाचशेला दांडीयात्रा, पुढे गांधीजी, मागे माणसांची रांग. हजाराला शेतातली कापणी, तेलविहीर, पोलादाचा कारखाना, संगणकापुढे बसलेलं माणूस.

सातपैकी तीन नोटांवर माणसं होती, आणि ती काहीतरी करत होती. नांगरत होती, चालत होती, यंत्रापुढे बसली होती. दांडीयात्रेचं तर बघा. १९३० साली मिठावरच्या कराविरुद्ध निघालेली यात्रा. मीठ, म्हणजे गरिबातल्या गरिबाच्या घरातली वस्तू. तिच्यासाठी चाललेली माणसं आपण पाचशेच्या नोटेवर ठेवली होती. मोठ्या नोटेवर छोट्या माणसाचा लढा. याला मी चांगलं संपादन म्हणते.

आता थांबा. हे ऐकून कुणाला वाटेल, बाईंना जुनं ते सोनं वाटतंय. तसं अजिबात नाही. जुन्या नोटाही सगळं सांगत नव्हत्या. हिराकूडचं धरण १९५७ साली पूर्ण झालं, पण त्याच्या पाण्याखाली किती गावं गेली ते शंभरच्या नोटेवर नव्हतं. पाचच्या नोटेवर ट्रॅक्टर होता, पण तेव्हा किती शेतकऱ्यांच्या दारात ट्रॅक्टर होता? बहुतेकांच्या दारात बैल होते, आणि तेही उधारीवर घेतलेले. तीसुद्धा सरकारी स्वप्नंच होती. फरक इतकाच की त्या स्वप्नात माणसाला काम दिलेलं होतं. नोट म्हणत होती, हा देश घडतोय आणि तू त्यात आहेस.

आता २०१६ नंतरच्या मालिकेकडे येऊ. आधी तिच्या बाजूने बोलते, कारण परीक्षणात तेवढा प्रामाणिकपणा पाहिजे.

निवड वाईट नाही. ओडिशा, महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश, दिल्ली. सूर्यमंदिर आहे, बौद्ध स्तूप आहे, मुघल किल्ला आहे. आणि वेरूळ तर एकट्यातच तिघांना घेऊन बसलंय. चौतीस लेण्यांपैकी बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. वीस रुपयांत यापेक्षा जास्त भारत कुठे मिळणार? रंगही वेगवेगळे, भाजीवाल्या मावशीला लांबून कळतं की जांभळट ती शंभराची. हे सगळं मान्य.

पण या सहा ठिकाणांमध्ये आणखी एक साम्य आहे. सहाच्या सहा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. वेरूळ १९८३, कोणार्क १९८४, हंपी १९८६, सांची १९८९, लाल किल्ला २००७, राणी की वाव २०१४. योगायोग असेल, मी आरोप करत नाही. पण परिणाम बघा. आपल्या इतिहासातलं आपण काय निवडलं? जे जगाने आधीच निवडून, फलक लावून, तिकीट लावून ठेवलंय ते. सहलीच्या माहितीपत्रकातला देश.

दुसरी गोष्ट. या सहांतली सगळ्यात नवी वास्तू कोणती? लाल किल्ला. बांधायला घेतला १६३९ साली, पूर्ण झाला १६४८ साली. मग १६४८ नंतर या देशात काही घडलंच नाही का? एक अपवाद होता, दोन हजारच्या नोटेवरचं मंगळयान. २०१३ साली निघालं, सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलं. तुम्हाला तो प्रसिद्ध फोटो आठवतो? इस्रोमधल्या बायका, रेशमी साड्या नेसलेल्या, केसात गजरे, एकमेकींना शाबासकी देताहेत. जगभर गेला तो फोटो. त्या मोहिमेचं खरं चित्र ते होतं. नोटेवर मात्र नुसतं यान आलं. बायका घरी राहिल्या. (हशा.) आणि तीही नोट १९ मे २०२३ ला परत घ्यायचं जाहीर झालं. म्हणजे आज रिझर्व्ह बँकेच्या चालू मालिकेत आधुनिक भारताचं काय उरलं? लाल किल्ल्यावरचा झेंडा आणि स्वच्छ भारतच्या बोधचिन्हातला गांधीजींचा चष्मा. बघायला चष्मा आहे, बघण्यासारखं माणूस नाही.

गंमत म्हणजे कारखान्याच्या, कामाच्या भारताची एक खूण अजून टिकून आहे. एक रुपयाच्या नोटेवर. ती नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढतं. तिच्यावर अजून 'सागर सम्राट' आहे. पण ती नोट आपल्याला कुठे दिसते? लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर, एकशे एक रुपये पूर्ण करायला.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कुणी म्हणेल, वास्तू दाखवली की ती बांधणारी माणसं त्यात आलीच. आली का? या वास्तूंच्याच साक्षी काढू.

वीसची नोट पुन्हा हातात घ्या. वेरूळचं कैलास लेणं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. वरून खाली कोरत आणलेलं, एका अखंड कड्यातून. सुमारे दोन लाख टन दगड काढला असा अंदाज सांगतात. आता हे लेणं झाल्यावर काही दशकांनी, ८१२ साली दिलेला एक ताम्रपट आहे, बडोद्याचा. दानाचा कागद तो, जमिनीचा व्यवहार. पण त्यात या मंदिराचं वर्णन करताना त्या काळच्या कवीने राजाच्या बरोबरीने आणखी एका माणसाची आठवण ठेवली. ज्याने ते घडवलं त्याची. तो म्हणतो त्याचा आशय असा की ते पाहून खुद्द घडवणाराच चकित झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं, आणि पुन्हा होईल का? कारागिराचं आश्चर्य ताम्रपटात! आणि आपली लोककथा तर त्याच्याही पुढे जाते. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात कोकसाची गोष्ट आहे. राणीने उपवास धरला, कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे शिल्पी हरले. मग पैठणचा कोकसा आला आणि म्हणाला, मी कळसापासूनच सुरू करतो. गोष्ट खरी की खोटी हा वेगळा विषय. पण लोकांनी कारागिराला नाव दिलं, गाव दिलं, आणि शेकडो वर्षं ते लक्षात ठेवलं. नोटेवर यातलं काय आलं? दगड आला.

दोनशेची नोट, सांची. आपण म्हणतो सम्राट अशोकाचा स्तूप. मूळ त्याचंच. पण आज दिसतो तो मोठा स्तूप, ती तोरणं, ही नंतर घडली, आणि कुणाच्या पैशातून? तिथे शेकडो छोटे छोटे लेख कोरलेले आहेत. अमक्या गावच्या भिक्षुणीचं दान, विणकराचं दान, व्यापाऱ्याचं दान, कुणाच्या आईचं दान. म्हणजे वर्गणीतून उभं राहिलेलं काम. आपल्या गणपतीची पावती असते ना, तसं. आणि दक्षिणेच्या तोरणावर लिहिलंय की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंताचं काम करणाऱ्यांनी केलं. त्याच तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य, आनंद, याच्या दानाचा लेख आहे. सातकर्णी म्हणजे आपले सातवाहन, पैठणचे. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिराचं नाव तोरणावर कोरायला जागा होती. १४६ मिलिमीटरच्या नोटेवर ती उरली नाही.

शंभरची नोट. राणी की वाव, पाटण, गुजरात. अकराव्या शतकातली. परंपरा सांगते की राणी उदयमतीने नवऱ्याच्या, पहिल्या भीमदेवाच्या, स्मरणार्थ बांधली. सात मजले खाली उतरत जाणारी, पाचशेहून जास्त मोठी शिल्पं. पण मंडळी, वाव म्हणजे काय? विहीर. आपल्याकडे बारव म्हणतात. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिली असेल तुम्ही. विहिरीवर कोण जातं? पाणी भरणारी बाई जाते. सगळ्या जुन्या वास्तूंमध्ये विहीर ही एकच अशी, जी मुख्यतः बायकांच्या रोजच्या पायांनी झिजलेली असते. बांधणारी राणी, वापरणाऱ्या बाया. देशाच्या नोटेवर बाई आणायची याहून सोपी संधी नव्हती. डोक्यावर घागर, पायरीवर पाऊल, एवढं पुरे होतं. आपण रिकाम्या पायऱ्या छापल्या.

आणि पाचशेची नोट. मार्च २०२४ अखेरची रिझर्व्ह बँकेची आकडेवारी सांगते की चलनातल्या नोटांच्या एकूण किमतीपैकी ८६.५ टक्के किंमत एकट्या पाचशेच्या नोटांची होती. म्हणजे किमतीच्या हिशेबाने आपलं चलन म्हणजे जवळजवळ लाल किल्लाच. मग या किल्ल्याचा इतिहास काय? शहाजहानने बांधला. १७६० साली आपले सदाशिवरावभाऊ दिल्लीत पोचले. फौजेला द्यायला पैसे नाहीत. तेव्हा दिवाण-इ-खासच्या छताला चांदी होती ती काढली आणि तिचे रुपये पाडले. ऐकताय ना? आज आपण रुपयावर लाल किल्ला छापतो. तेव्हा आपण लाल किल्ल्याचेच रुपये केले होते. (हशा.) हा हसण्याचा विषय आहे तसा थांबून विचार करण्याचाही आहे. पानिपतावर उपाशी लढलेल्या फौजेची ती गोष्ट आहे. पुढे १८५७. त्यानंतर इंग्रजांनी किल्ल्याच्या आतला मोठा भाग पाडून बराकी बांधल्या. १८५८ साली त्याच किल्ल्यात बहादूरशाह जफरवर खटला चालला. १९४५-४६ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर तिथेच खटला चालला. १६ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंनी तिथे तिरंगा फडकावला. एवढी माणसं त्या दरवाजातून गेली. कैदी, शिपाई, वकील, बादशाह. चित्रात भिंत आहे आणि झेंडा आहे. मधली सगळी माणसं गाळली.

हे गाळणं नोटेच्या पुढच्या बाजूलाही आहे. गांधीजींचा हसरा चेहरा आपण रोज बघतो, तो १९४६ सालच्या एका फोटोतून घेतलेला आहे. त्या फोटोत शेजारी ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स होते. ते कापले. कापणारच, मी त्याला दोष देत नाही. पण ते हसू कुणाशी तरी बोलतानाचं होतं. आता ते हसू एकटंच आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढंसं चित्र, कोण बघतं? नोट मोजायची असते. खरंय. पण मी शाळेत शिकवत असताना एक खेळ घ्यायचे. मुलांना सांगायचे, तुमची स्वतःची नोट काढा. पूर्वी मुलं काय काढायची? आई भाकरी करतेय, बाबा रिक्षा चालवताहेत, कुणी क्रिकेटवाला, कुणी गाय. अलीकडे काही वर्षांनी एका वर्गात तोच खेळ घेतला. बहुतेक मुलांनी मधोमध एक घुमट किंवा किल्ला काढला आणि खाली लिहिलं, 'हेरिटेज'. मी एका मुलीला विचारलं, यात तू कुठे आहेस गं? ती म्हणाली, "मॅडम, नोटेवर आपण नसतो. नोटेवर मोठं काहीतरी असतं."

एका वर्गावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण त्या मुलीचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. नोटेवर आपण नसतो. इतिहास म्हणजे मोठं काहीतरी, आधीच पूर्ण झालेलं, दुसऱ्यांनी करून ठेवलेलं. आपण फक्त तिकीट काढून बघायचं. माझी तक्रार वास्तूंबद्दल नाही, या धड्याबद्दल आहे. सांचीचा खरा धडा नेमका याच्या उलट आहे. विणकराने दिलं, भिक्षुणीने दिलं, हस्तिदंतवाल्यांनी कोरलं, तेव्हा स्तूप उभा राहिला. वास्तू तीच राहू द्या हो. फक्त तिच्यात माणूस परत आणा. वेरूळच्या कड्यावर एक छिन्नी धरलेला हात. वावेच्या पायरीवर एक बाई. सेवाग्रामच्या झोपडीसमोर १९६९ साली माणूस बसवता आला होता, तर आता का नाही?

आणि घाई करायला हवी. यूपीआय सुरू झालं २०१६ साली, नव्या नोटाही आल्या २०१६ साली. चित्रं बदलली त्याच वर्षी नोट हातातून सुटायला लागली. फोनमध्ये नुसता आकडा दिसतो, मागची बाजूच नसते. देशाने सगळ्यांच्या हातात दिलेलं हे कदाचित शेवटचं चित्र असेल. ते रिकामं असू नये, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न (एक ज्येष्ठ गृहस्थ): मॅडम, मी चौतीस वर्षं छपाईच्या कामात काढली. तुमचं पटतं, पण माणूस टाकला की वाद होतो. कोणता माणूस, कुठल्या जातीचा, कुठल्या प्रांताचा, कुठला पोशाख. दगडाला कुणी हरकत घेत नाही.

काका, अगदी बरोबर बोललात. सरकारलाही हेच वाटत असणार. युरोपने यावर टोकाचा उपाय केला. २००२ साली युरोच्या नोटा आल्या, त्यांवर पूल आणि खिडक्या आहेत, पण खऱ्या नाहीत. ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी काढलेल्या, काल्पनिक. कुठल्याच देशाने म्हणू नये की त्यांचा आला आणि आमचा राहिला. वाद टळला. पण त्या पुलांवरून कुणी कधी चाललंच नव्हतं. शेवटी नेदरलँड्समधल्या एका गावाने ते पूल खरोखर बांधून काढले, निदान सायकली तरी जाव्यात म्हणून. (हशा.) दुसरा मार्ग इंग्लंडने धरला. पन्नास पौंडाच्या नोटेवर कोणता शास्त्रज्ञ हवा, असं २०१८ साली लोकांनाच विचारलं. दोन लाखांवर सूचना आल्या. २०२१ मध्ये ॲलन ट्युरिंग यांची नोट निघाली. ज्या माणसाला त्याच्या देशाने जिवंतपणी छळलं, त्याला त्याच देशाने नोटेवर घेतलं. वाद झाला असेल, पण चर्चाही झाली. आपल्याकडे कलम २५ मध्ये लोकांना विचारू नका असं कुठे लिहिलंय? आणि जातीचा, प्रांताचा प्रश्न येतो तो एकच नायक निवडायचा असला की. छिन्नी धरलेल्या हाताची जात कोण विचारणार? विचारलीच तर निदान तो हात कुणाचा होता यावर आपण बोलायला लागू. ते बोलणंही व्हायला हवंच आहे.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): पण नोटेवर आपली भाषा तर आहे ना? ती माणसांचीच आहे.

शाब्बास. हे मी विसरले होते आणि तू सांगितलंस ते फार बरं केलंस. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. आसामीपासून उर्दूपर्यंत. आपली मराठी आहे, कोंकणी आहे, नेपाळी आहे, काश्मिरी आहे. संपूर्ण नोटेवर जिवंत माणसांची एवढी एकच जागा उरली आहे. त्यात कुणी थोर नाही, कुणी सम्राट नाही. बाजारात भाव करताना आपण जे बोलतो तेच तिथे लिहिलंय, वीस रुपये. हे माझ्या भाषणातलं राहून गेलेलं वाक्य तुझ्या नावावर.

चला, वेळ संपली. ज्यांनी शेजाऱ्याच्या नोटा घेतल्या आहेत त्यांनी आपापल्या मालकांना परत करा. देण्याआधी एकदा मागची बाजू बघा.